पातेल्याचा निरोप

सकाळपासून पाचव्यांदा शर्वरीच्या मोबाइलवर निरोप आला: बाबांनी चहा ठेवला.

गावी एकटे राहणाऱ्या बाबांच्या पातेल्याच्या दांडीला तिने नखाएवढी चकती चिकटवली होती. चकतीला बॅटरी नव्हती. गॅसची ऊब मिळाली की ती जागी व्हायची आणि निरोप धाडून पुन्हा झोपायची. रोज सकाळी तो निरोप आला की शर्वरी निर्धास्त व्हायची. फोन करायची गरजच उरली नव्हती.

आज मात्र तिने चिडून फोन लावला. "बाबा, शुगर आहे ना तुम्हाला? पाच-पाच चहा?"

"एकच प्यायलो. नंतर नुसतं पाणी तापवत होतो."

"कशाला?"

"एका चहावर तुझा फोन येत नाही गं."

शर्वरीने उठून गॅस पेटवला.

"आता बिनसाखरेचा टाका," ती म्हणाली. "मीही टाकते. बोलत बोलत पिऊ."