मागे न पाहणारा ऑर्फियस

“करा सही, मास्तर, आणि घेऊन जा आमची पोरगी,” अनाथाश्रमाच्या माईंनी कागद पुढे सरकवला.

बेनेत्तो मास्तरांनी लेखणी उचलली. तीन वर्षं दर रविवारी ते आश्रमाच्या चर्चमध्ये जाऊन बसत. वर लोखंडी जाळीमागे मुली गात. त्यांतला एक आवाज पेलेग्रिनाचा. जाळीतून तिने मास्तरांना पाहिलं होतं. मास्तरांनी तिला कधीच नाही. पण त्या आवाजावर हा बाबा असा भुलला, की अख्खा ऑपेरा त्याच्याच नादात लिहीत सुटला. ग्रीक पुराणातल्या ऑर्फियस गवयाचा. पाताळातून मेलेल्या बायकोला वर आणताना मागे वळून पाहायचं नाही, एवढीच देवांची अट. वेडा वळला आणि तिला कायमचा मुकला. ते शेवटचं गाणं तेवढं अडलं होतं.

शेवटी मास्तरांनी माईंकरवी पेलेग्रिनाला मागणी घातली, आणि लग्नाला ती हो म्हणाली होती. भर दुपारचं धुकं व्हेनिसवर उतरलं होतं. खिडकीबाहेर कालवा कुठे संपतो नि आकाश कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं.

मास्तर कागद वाचायला लागले. लग्न करून बाहेर पडलेल्या मुलीने पुन्हा कधीही लोकांसमोर गाऊ नये, असं लिहिलं होतं.

“हे काय, माई?”

“इथला नियम. सगळ्यांनाच आहे.”

मागे दार वाजलं. हलकी पावलं आली आणि थांबली. पेलेग्रिनाच ती, मास्तरांनी ओळखलं. वळलो तर हात धरणार, आणि हात धरला की तो आवाज मेला. ते तसेच पाठमोरे उठले.

“नको. तिला गाऊ द्या,” म्हणाले आणि धुक्यात निघून गेले. माई काहीतरी ओरडत होत्या. मास्तरांना ऐकू आलंच नाही.

पुढचे दोन दिवस मास्तर तरंगतच होते. अडलेलं गाणं आपोआप सुचलं. त्यांचा ऑर्फियस वळलाच नाही. रडत रडत, खुशीत, त्यांनी ऑपेरा पुरा केला.

रविवारी ते जाळीखाली जाऊन बसले. गाणं सुरू झालं. आवाज दुसरीचाच होता.

“पेलेग्रिना कुठंय?” त्यांनी माईंना गाठलं.

“काल मठात गेली. कागद उलटून तरी बघायचा होतात, मास्तर! तिची सही आधीच झाली होती. सही केली की जाळीमागे परत जागा नसते.” माईंनी डोळे पुसले. “बोचकं घेऊन तुमच्या मागेच उभी होती हो. सही करताना मला म्हणाली, ‘तीन वर्षं मीच त्यांना बघतेय. आज ते मला बघतील.’”