दस्त्याचं माप

सावळारामनं रायफलीच्या दस्त्यावर, खांद्याला टेकतो त्या लाकडावर, करवत धरली, तशी त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं, हातातलं सूप खाली टाकलं.

"अवं, खूळ लागलं का काय? सायबानं दिल्याली बंदूक ती!"

"सायबाच्याच मापाची हाय," तो म्हणाला. करवत थांबली नाही. दस्त्याच्या बुडाचा चार बोटं तुकडा अंगणात पडला.

तिनं तुकडा उचलून सरपणात टाकला. खोटं काय होतं त्यात? महायुद्धात, समुद्रापार बसऱ्याला, या माणसानं पलटणीची खेचरं हाकली, त्याच्या बदल्यात ही जुनी रायफल मिळाली. कुण्या सहाफुटी गोऱ्याच्या अंगाला बेतलेली. मावळातल्या माणसाचा खांदा मोजायला कोण बसलंय तिकडं! बार काढला की ती अशी लाथ घाली, की सावळाराम म्हणायचा, "यापरीस माझी खेचरं गुणाची."

तरी त्यानं ती लाथ खाल्ली. पण औंदा मध काढताना तोरण्याच्या कड्यावरून तो खाली कोसळला आणि खांद्याचं हाड वाकडं जुळलं. त्यानंतर रानडुकरांवर पहिलाच बार काढला, तेव्हा डुकरं नाचणी खात राहिली आणि हा बांधावर उताणा पडला. उताराची ती नाचणी म्हणजे दोघांची वर्षाची भाकर. अर्धी डुकरांनी लोळवली होती, अर्धी उभी होती.

गाव हसलं. आनंदराव पाटील दारात येऊन म्हणाला, "सावळाराम, बंदुकीचा परवाना आता माझ्या भाच्याच्या नावानं करू. भोरच्या दरबारात आपली वळख हाय." भाचा भोरात राहायचा आणि मोर मारायचा. पाटलाचं शेत खाली नदीकाठी; तिथं डुक्कर फिरकत नव्हतं. ज्याचं पीक खाल्लं जातं त्याच्या हातात बंदूक असावी, एवढी साधी अक्कल गावाला नसते. असली तरी ती पाटलासमोर तोंड उघडत नाही.

म्हणून दस्ता मऊ करायचा. ठकुबाईनं मनाची समजूत घातली: मोडक्या खांद्याला सोसेल असं काहीतरी करतोय बिचारा. तो कानशीनं लाकूड घासायचा, गाल टेकतो तिथं उंचवटा ठेवायचा. बुडाची लोखंडी पट्टी तुकड्याबरोबर गेली होती; ती त्यानं पुन्हा लावली नाही. बूड रुंद केलं, घोंगडीच्या घड्या बसवल्या, वरून चामडं शिवलं. धक्का एका हाडावर न बसता सगळ्या खांद्यावर पसरावा म्हणून. बुडाचं खालचं टोक मात्र त्यानं उगाच बाहेरच्या अंगाला वळवलं.

"ह्ये तिरकं का?" तिनं विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला आणि जास्तच घासायला लागला.

पण ठकुबाईचं खरं लक्ष दस्त्याकडं नव्हतंच. लग्न झाल्यापासून या माणसानं दिवसाउजेडी बायकोला बोट लावलं नव्हतं. सासू होती तोवर सासूची लाज, सासू गेल्यावर सवयीची. आणि आता? ती दळायला बसली की मागून येऊन खांद्यावर तळवा ठेवायचा. भाकरी थापताना तिचा हात धरून कोपरापासून बोटापर्यंत वीत टाकायचा. एकदा तर चुलीपुढं तिच्या गालाच्या हाडावर अंगठा टेकवून नुसता बघत राहिला. भाकर करपली.

"काय वं ह्ये, म्हातारपणी?" ती म्हणाली. पण त्या दिवसापासून ती दुपारची तेल लावून पुन्हा वेणी घालू लागली. कुंकू नीट गोल लावू लागली. शेजारची फुलाबाई म्हणाली, "ठके, लगीन हाय व्हय कुणाचं?"

दस्ता झाला त्या सकाळी तो तिला शेतावर घेऊन गेला. दगडावर मडकं ठेवलं आणि रायफल तिच्या हातात दिली.

"म्या?"

"माझा खांदा गेला ठके. आता ह्यो उठायचा न्हाई. धर."

तिनं धरली. दस्ता खांद्याच्या खळीत बसला. गाल आपसूक उंचवट्यावर टेकला, बोट न ताणता घोड्यावर पोचलं. ते तिरकं टोक छातीला न टोचता बगलेकडं निघून गेलं, तेव्हा कुठं त्या तिरकेपणाचं कारण तिला कळलं. बार निघाला. वासरानं ढुशी द्यावी तेवढाच धक्का. मडक्याचा काठ उडाला होता.

सांजेला नाचणीत डुकरं उतरली. मोठा नर तिच्या दुसऱ्या बाराला पडला.

गाव गोळा झालं. पाटील म्हणाला, "परवाना बाईच्या नावानं न्हाई."

"माझ्या नावानं हाय," सावळाराम म्हणाला. "डुकराला कुठं वाचता येतंय?"

लोक खदखदून हसले. या खेपेला पाटलाकडं बघून हसले. भाच्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

गावानं तिला वाघीण म्हटलं होतं, पण ठकुबाईनं घरी येताच बंदूक कोपऱ्यात टेकवली. तिनं वेणी सोडली, केस कसेतरी मागं गुंडाळले. भाकरीचं ताट त्याच्यापुढं जरा आपटूनच ठेवलं.

"काय झालं?"

"काय न्हाई." मग राहवेना. "तुमी मापं घेत व्हता. आन म्या येडी... म्या आपली तेल लावून बसत व्हते रोज."

सावळारामनं हातातला घास परत ताटात ठेवला. वर बघायला लागलं तेवढं धाडस त्याला लढाईतही लागलं नसावं.

"माप पयल्याच दिशी घिऊन झालं व्हतं," तो म्हणाला.