आमदारांचा घसा

"आ करा," मी म्हणाले, आणि आमदार ढोबळेंनी निमूटपणे तोंड उघडलं. याच तोंडानं गेल्या सभेत त्यांनी शहरातल्या समस्त डॉक्टरांना कसाई ठरवलं होतं. आता घसा लालभडक झाला होता आणि आवाज पार बसला होता.

"रविवारी सभा आहे," ते कसेबसे कुजबुजले.

"विषय?"

ओशाळून त्यांनी खिशातलं पत्रक पुढं केलं. 'डॉक्टरांचा हलगर्जीपणा आणि पैशाचा हव्यास.' मी औषधं लिहून दिली आणि तीन दिवस तोंडातून एक शब्दही काढायचा नाही, असं बजावलं. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं मला हात जोडले.

रविवारी चौकातला भोंगा थेट दवाखान्यात घुमला. "या कसायांना रुग्णाचं काही पडलेलं नाही..."

नर्स प्रमिलाताईंनी खिडकी धाडकन लावली. "मॅडम, या माणसाचा आवाज आणखी आठवडाभर बसलेलाच ठेवला असता, तर काय बिघडलं असतं?"

"तो हलगर्जीपणा झाला असता," मी म्हणाले. "आणि खिडकी उघडा. 'कसाई' म्हणताना त्यांचा आवाज फाटतोय का, ते मला ऐकायचंय."