पत्र्याचा आवाज

“माणूस खोटं बोलतो, इंजिन कधीच खोटं बोलत नाही,” बोनटमध्ये डोकं घालून इशेन मिस्त्रीनं जाहीर केलं. किर्गिझस्तानात नारीनच्या आसपासच्या सगळ्या गावांत त्याचं हे वचन प्रसिद्ध होतं. मग त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, “बेअरिंग गेलंय.”

बेअरिंग ठणठणीत होतं. वाजत होता तो सायलेन्सरवरचा पत्रा. एक बोल्ट ढिला झाला होता, एवढंच. इशेनला ते फाटकाबाहेर असतानाच कळलं होतं.

पण गाडीच्या मालकाला, केंजेबायला, थोपवायचं होतं. त्याचा मुलगा उलान मॉस्कोत इमारतींवर कामाला होता, तो आज घरी यायचा होता, आणि त्याला आणायला बाप खिंड ओलांडून बिश्केकच्या विमानतळावर निघाला होता. उलान येणार हे खरंच होतं. फक्त तो पेटीतून येणार होता. तसा फोन रात्री आला, आणि इशेनच्या घरी आला, कारण असला फोन कुणी बापाच्या घरी करत नाही. अशी बातमी एकट्यादुकट्यानं सांगायची नसते. भाऊबंद जमावेत, बापाला दोन्ही बाजूंनी धरायला माणसं असावीत, आणि तोंड सगळ्यांत वडील माणसानं उघडावं. गावात सगळ्यांत वडील म्हणजे असानाली आजोबा, आणि ते नेमके वरच्या खोऱ्यात लेकीकडे गेलेले. त्यांना आणायला माणूस गेला होता. तोवर केंजेबायची गाडी हलता कामा नये, हे काम गावानं इशेनवर सोपवलं होतं. केंजेबायच्या बायकोला बायकांनी सकाळीच शेजारी नेलं होतं, मुलगा येतोय म्हणून बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळायला. बोरसोक दोन्ही प्रसंगी लागतात.

“बेअरिंग कसं जाईल?” केंजेबाय म्हणाला. “काल खिंडीपर्यंत जाऊन आलो की.”

“काल गेलास म्हणूनच आज गेलं.”

एव्हाना केंजेबायच्या अंगणात गाव जमलं होतं. घोडे राखणारा कुबात आला. घोड्याच्या पोटाला लावावा तसा त्यानं गाडीच्या कुशीला कान लावला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, “वारा धरलाय.” जेक्शेन मास्तरांनी जन्मात गाढवापलीकडे काही हाकलं नव्हतं, त्यांनी पेट्रोलचा पंप बदलायला सांगितला. पोस्टमन म्हणाला, “माझ्या भावाच्या गाडीला असाच आवाज यायचा. भाऊ गाडीसकट दरीत गेला.” आणि मग पोस्टमन आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“कमाल आहे बाबा तुमची,” केंजेबाय म्हणाला. “ही गाडी कैक वर्षं अशीच वाजतेय. याच गाडीत बसून तुम्ही लग्नांना गेलात, बाजाराला गेलात. कधी कुणाचा कान दुखला नाही. एक उलान तेवढा कुरकुरायचा. म्हणायचा, बाबा, तुमच्या गाडीत झोपणं म्हणजे भांड्यांच्या फडताळात निजणं.”

कुणी हसलं नाही. केंजेबायच हसला, आणि हसता हसता त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

इशेननं घाईघाईनं वायरी उपटल्या, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, कार्ब्युरेटर सोडवला आणि सगळं जमिनीवर जुन्या लोकरी नमद्यावर मांडून ठेवलं.

भिंतीपलीकडून एक ट्रक गेला. मागं तंबूचे नमदे रचलेले, आणि त्यांवर छपराचं लाल लाकडी कडं. गावात कुणी गेलं की मयत ठेवायला घराशेजारी असा तंबू उभारतात.

“तंबू कुणाचा निघाला?” केंजेबायनं विचारलं.

“रंगवायला नेतायत,” मास्तर म्हणाले.

“बर्फ तोंडावर आलं असताना?”

“आत्ता स्वस्त पडतं.”

केंजेबाय ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. ट्रक त्याच्याच घरामागच्या माळाकडे वळला. मग केंजेबाय इशेनच्या शेजारी येऊन उकिडवा बसला. एरवी त्यानं मिस्त्रीचा हात धरला असता. ही गाडी तो डोळे बांधूनही जोडू शकला असता. आज इशेन मागेल तो पाना मुकाट्यानं हातात देत होता.

“पाण्याचा पंपही खोलून बघ,” थोड्या वेळानं तो म्हणाला.

“पंपाला काही झालेलं नाही.”

“बघ तर खरं. आलाच आहेस.”

इशेननं पंप खोलला.

“आणि गिअरबॉक्स?”

“गिअरबॉक्स कशाला रे?”

“खोल ना गड्या. घाई कुठंय?”

विमान दुपारी उतरायचं होतं. गाडीखाली सरकून इशेन गिअरबॉक्सचे बोल्ट सोडवू लागला.

बाहेर मोटार थांबली. असानाली आजोबा काठी टेकत उतरले आणि फाटकातून आत आले. गाडीभोवतीची माणसं ताठ उभी राहिली. मास्तर हलकेच केंजेबायच्या उजव्या अंगाला सरकले, कुबात डाव्या. आजोबांनी डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

“थांबा, आजोबा,” केंजेबाय म्हणाला.

असानाली आजोबांना थांबा म्हणणारा माणूस त्या गावानं अजून पाहिला नव्हता. ते थांबले.

केंजेबाय खाली वाकला. गाडीखालून इशेनचे फक्त बूट दिसत होते. तो त्या बुटांशीच बोलला.

“इशेन, बेअरिंग नाही रे, मागचा पत्रा वाजतोय. सगळं परत जोड. आणि तेवढा बोल्ट आवळून दे. येताना त्या आवाजानं पोराला झोप लागायची नाही.”