धुळीआडचा तारा

"लेकरू हलून न्हाई राहिलं म्हनतेस, तर चाल. जीप सांगते, हिंगोलीला दाखवून येऊ," जनकाबाई म्हणाली.

पहिल्या बाळंतपणासाठी पुसेगावला माहेरी आलेल्या आकांक्षानं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. सकाळपासून पोटात सगळं शांत होतं. ती आतून चरकली होती. पण घाबरून धावायचं नाही, ही सवय तिला कामानंच लावली होती.

आकांक्षा जन्माला येणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास करायची. असा तारा धुळीच्या दाट ढगात दडलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही. त्याची अवरक्त ऊब तेवढी बाहेर येते, आणि भोवतीच्या पाण्याच्या वाफेतून एक रेडिओ संदेश येतो. त्याला मेझर म्हणतात. हा मेझर मोठा लहरी. एकाएकी गप्प होतो तो महिनोन्महिने. नवखे संशोधक लगेच हात टेकतात. आकांक्षा थांबायची, आणि बहुतेक वेळा संदेश परत यायचा. तिचं नाव झालं ते या धीरावरच.

हेच तिनं आईला सोपं करून सांगितलं. संदेश थांबला म्हणून आतलं सगळं संपलं असं नसतं, उद्यापर्यंत वाट बघू, म्हणाली. जनकाबाईला ते पटलं. आपली लेक तारे जन्मताना बघते, हे तिनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. तिला स्वतःच्या लेकराचं कळणार नाही होय? जनकाबाई भाकरी टाकायला बसली.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. आकांक्षाचं सगळं आयुष्य पडदे वाचण्यात गेलेलं. त्यांनी सांगायच्या आधीच तिला कळलं. कालच यायला हवं होतं, एवढंच त्या म्हणाल्या.

तिचा नवरा प्रमोद वाशिमहून धावत आला. रडून झाल्यावर त्यानं विचारलं, "काल काहून न्हाई आणलं?"

आकांक्षानं तोंड उघडलं. तेवढ्यात जनकाबाई पुढं झाली.

"मीच अडवलं तिला. ती बिचारी दवाखान्यात निघू निघू करून राहिली होती. मी अडाणी बाई, मला काय समजते?"

प्रमोद सासूला नको नको ते बोलला. जनकाबाई मान खाली घालून ऐकत राहिली, आणि आकांक्षानं तिला ऐकू दिलं.