एक तरी ठेवायचं असतं

तांबडी कोंबडी टोपलीपाशी आली, आत डोकावली आणि मान झटकून परसाच्या कुंपणाकडे चालू पडली.

"सगळी अंडी कोणी काढली रे?" सगुणाबाईंनी विचारलं.

"मीच," बॅग भरता भरता त्यांचा मुलगा सुहास म्हणाला. "पुण्याला नेतोय. तूच म्हणतेस ना, हल्ली अंडी कमी मिळतात? मग ती टोपलीत ठेवून कशाला नासवायची?"

"अरे, एक तरी ठेवायचं असतं. टोपली रिकामी दिसली की कोंबडी जागाच सोडते. मग घालते कुठेतरी झुडपात आणि मुंगसाचं फावतं."

सुहास नुसता हसला. पुण्यात त्याने फ्लॅट घेतला होता. इथलं कपाट त्याने पार झाडून रिकामं केलं. कपडे, बॅट, शाळेतला ग्रुप फोटोसुद्धा घेतला. "तुला उगाच अडगळ नको," म्हणाला आणि पाया पडून निघाला.

गाडी गेल्यावर सगुणाबाईंनी ओढ्यातली एक पांढरी गारगोटी आणून टोपलीत ठेवली. संध्याकाळी तांबडी परतली आणि गारगोटी पोटाखाली घेऊन निवांत बसली. बाईंना तिची कीव आली.

रविवारी फोन आला. "आई, माझा निळा शर्ट तिकडे राहिलाय का गं? मी बॅगेत भरलेला चांगला आठवतोय."

शर्ट समोरच खुंटीवर होता. सुहास अंघोळीला गेला तेव्हा सगुणाबाईंनीच तो बॅगेतून काढला होता.

"बघते हं," त्या म्हणाल्या. "सापडला तर ठेवून देते. आलास की ने."