सुनेच्या तोंडचा आवाज

काखेत कोंबडा धरून म्हातारा थेट वर्गात शिरला.

"आजोबा, यालाही शाळेत घालताय का?" किसोपनं विचारलं. वीस पोरं हसली.

"तुझ्याआधी पास होईल तो," म्हातारा म्हणाला.

शिकवणारी वामेरी त्याची थोरली सून. ती फळ्यापाशी मान खाली घालून उभी राहिली. फळ्यावर त्यांच्या बोलीतल्या आवाजांच्या चौकटी होत्या, प्रत्येकीत एक चित्र. तुरेवाल्या पारव्याची चौकट मात्र ती रोज गाळून पुढे जाई. मिटलेले ओठ फुंकरीनं थरथरवून काढायचा तो आवाज साऱ्या बोलीत आता त्या पारव्याच्या नावातच उरला होता, आणि सासऱ्याचं नाव त्या पारव्यावरूनच ठेवलेलं. पापुआतल्या त्या नदीकाठी सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्यासारखा ऐकू येणारा दुसरा शब्दही उच्चारत नाही. गावातल्या बहुतेक बायका त्याच्या नाहीतर त्याच्या भावांच्या सुना. त्या नुसतं 'तुरेवाला' म्हणत. त्यांची पोरंही तेच म्हणत.

"मामंजी, तुम्हीच शिकवा ना," वामेरी हळूच म्हणाली.

म्हाताऱ्यानं ओठ थरथरवले.

"होडीचं इंजिन सुरू झालं!" किसोप ओरडला. पोरं खिदळली.

"बघितलंस? माझं ऐकून हसतात. बोलायला शिकतात ती आईचं ऐकून. मी गेलो की हा आवाजही माझ्याबरोबर मातीत जायचा."

त्यानं कोंबडा तिच्या हातात दिला. सासऱ्यानं चारचौघांत कोंबडा दिला की सुनेचं बंधन सुटतं, हे पोरांनाही ठाऊक होतं.

"नको, मामंजी. लाज वाटते."

"वाटू दे. मी पाठ करून बसतो."

तो खरंच दाराकडे तोंड करून बसला. वामेरीनं कोंबडा छातीशी धरून ओठ मिटले. नुसतीच हवा आली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत ते ओठ तसे हलले नव्हते. तिनं पुन्हा फुंकर घातली. तिसऱ्या खेपेला ओठ थरथरले आणि पारव्याचं नाव अख्खं बाहेर पडलं.

कुणी हसलं नाही. पुढे बसलेल्या तिच्या धाकट्या नानूनं आईच्या ओठांकडे बघत आपले ओठ मिटले. थुंकी उडाली, पण नाव आलं. मग किसोपला जमलं. मग एकेक करत सगळ्यांना.

दाराशी पाठमोरा बसलेला म्हातारा प्रत्येकाला "ओ" देत राहिला.